मागचा ब्रेक जाम आणि होजमध्ये भलतंच ऑइल: एका हार्डटेलची केस

29 इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), पुण्यातली. दोन्हीकडे शिमानो एमटी200 प्रकारचे हायड्रॉलिक ब्रेक आणि सहा बोल्टांचे 160 मिमी रोटर, म्हणजे ब्रेकच्या डिस्क. वापर बऱ्यापैकी जोरात: सिंहगडाचा घाट, टेकड्यांवरच्या मुरमाड वाटा, पावसाळ्यात चिखल. तक्रार अशी की मागचं चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबतं. लिव्हर दाबायला घट्ट लागते आणि सोडल्यावर रेंगाळत परत येते. दहा मिनिटं सायकल चालवली की ब्रेक आपोआप जास्त धरायला लागतो, अर्धा तास उभी ठेवली की थोडा सुटतो.

तक्रारीतला शेवटचा भाग सगळ्यात कामाचा आहे. गरम झाल्यावर जास्त धरणं आणि थंड झाल्यावर सुटणं म्हणजे आतलं ऑइल तापून फुगतंय, पण त्याला परत रिझर्व्हायरमध्ये (लिव्हरमधल्या ऑइलच्या छोट्या टाकीत) जायला वाट मिळत नाही. डिस्क वाकडी असेल किंवा कॅलिपर (डिस्कवर बसलेला, पॅड धरणारा भाग) सरकला असेल तर घासण्याचा त्रास सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो.

आधीचा इतिहास विचारल्यावर उलटी तक्रार बाहेर आली. दोनेक आठवड्यांपूर्वी हाच ब्रेक पार ढिला पडला होता: लिव्हर थेट ग्रिपला टेकायची, दोन-तीनदा पंप केली की जरा घट्ट व्हायची. त्याच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाचं पंक्चर काढायला सायकल सीट-हँडलवर उलटी ठेवली होती. ढिला ब्रेक घेऊन सायकल जवळच्या मोटरसायकल गॅरेजमध्ये गेली आणि तिथे ‘ब्रेक ऑइल कमी झालंय’ म्हणून वरून टॉप-अप करून मिळालं. एक-दोन दिवस ब्रेक झकास लागला. मग चिकटायला सुरुवात झाली.

पहिला बिघाड खरं तर किरकोळ होता

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरमधले पिस्टन तितके पुढे सरकून राहतात आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा भरायला लिव्हरच्या रिझर्व्हायरमधलं ऑइल खाली उतरतं. त्यामुळे पॅड संपत आले की रिझर्व्हायरमध्ये ऑइल कमी दिसतं, एक थेंबही गळलेला नसताना. या सायकलचे मागचे पॅड काढून पाहिले तर एका पॅडवर मटेरियल जेमतेम कागदाइतकं उरलं होतं. शिमानोची मर्यादा 0.5 मिमी आहे. त्याखाली पॅड गेला की बदलायचा, चर्चा नाही.

रिझर्व्हायरमध्ये थोडी हवा अडकलेली असली तरी सायकल सरळ असताना ती वरच्या बाजूला पडून राहते, त्रास देत नाही. सायकल उलटी केली की तीच हवा होजच्या (लिव्हरपासून कॅलिपरपर्यंतच्या नळीच्या) तोंडाशी येते, आणि त्या अवस्थेत कोणी लिव्हर दाबली तर सरळ लाइनमध्ये शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर स्पंजसारखी लागते. पॅड नवे घालून आणि लिव्हरकडून एअर काढून हे काम तासाभरात मिटलं असतं. टॉप-अपची गरजच नव्हती. उलट झिजलेल्या पॅडवर रिझर्व्हायर काठोकाठ भरलं, तर पुढे नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलायला जागाच उरत नाही.

जाम कुठे आहे ते शोधताना

चाकाचा ॲक्सल सोडून नीट बसवून घेतला, कारण चाक तिरकं बसलं की डिस्क घासतेच. फरक पडला नाही. डिस्क पूर्ण फेरीभर सारखी घासत होती, एकाच जागी ‘सुर्र’ होऊन सुटत नव्हती, म्हणून डिस्कचा आउट (वाकडेपणा) हे मुख्य कारण नाही असं धरलं. मग कॅलिपरचे दोन्ही माउंटिंग बोल्ट 5 मिमी ॲलन कीने एक-दीड फेरी ढिले केले. कॅलिपर मोकळा हलायला लागल्यावरही पॅड डिस्कला चिकटूनच होते. इथे अलाइनमेंटचा प्रश्न निकालात निघाला.

पुढची तपासणी निर्णायक असते. लिव्हरवरचा ब्लीड स्क्रू (ब्लीड म्हणजे ऑइलमधली हवा काढणं) उघडायचा, खाली कापड धरून. ब्रेक लगेच मोकळा झाला तर दाब वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरमध्ये (लिव्हरमधल्या पंपात) अडकला होता. काहीच झालं नाही तर दोष खाली, कॅलिपरच्या पिस्टनमध्ये. या सायकलवर स्क्रू उघडताच ऑइल उसळून बाहेर आलं आणि चाक थोडं सैल झालं, पण पूर्ण मोकळं झालं नाही. म्हणजे बिघाड दोन्ही टोकांना होता. पॅड काढून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन मागे ढकलून पाहिले तर एक कसाबसा गेला, दुसरा जागचा हलला नाही. (इथे स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह आवरावा. पिस्टनची कड उडाली की कॅलिपर तसाच भंगारात जातो.)

दोन्ही टोकांना एकाच वेळी बिघाड आल्यावर संशय ऑइलवरच जातो. शिमानोचं मिनरल ऑइल लालसर गुलाबी असतं. लिव्हरमधून आलेलं पिवळट आणि गढूळ होतं. रंगावर पूर्ण विसंबू नये, कारण जुनं मिनरल ऑइलही काळपट होतं. खात्रीची परीक्षा पाण्याची: काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्यायचं, सिरिंजने त्यात चार-पाच थेंब सोडायचे आणि ढवळायचं. मिनरल ऑइल पाण्यावर तवंग धरून तरंगतं. डॉट फ्लुइड (मोटरसायकल-गाड्यांचं ब्रेक ऑइल) ग्लायकॉल जातीचं असल्यामुळे पाण्यात विरघळून जातं. या ग्लासात बहुतेक थेंब विरघळले आणि वर पुसटसा तवंग राहिला. जुनं मिनरल ऑइल आणि गॅरेजमधलं डॉट, दोन्हींची भेसळ.

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये डॉट 3 किंवा डॉट 4 असतं, तेच गॅरेजमध्ये हाताशी असतं, आणि तिथे ते बरोबरही आहे. सायकलच्या जगात मात्र दोन घराणी आहेत. शिमानो, मगुरा आणि टेक्ट्रो मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमचे बरेचसे ब्रेक आणि होप डॉटवर. स्रॅमने अलीकडे काही मॉडेल मिनरल ऑइलवर आणली आहेत, म्हणून फक्त कंपनीचं नाव पाहून ठरवू नये. लिव्हरवर किंवा रिझर्व्हायरच्या झाकणावर काय छापलंय ते वाचावं.

फरक पडतो तो रबरात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमधले सील त्या तेलाला टिकणाऱ्या रबराचे असतात, सहसा नायट्राइलचे. डॉटच्या ब्रेकमध्ये ईपीडीएम. चुकीचं द्रव लागलं की सील फुगतो आणि मऊ पडतो. कॅलिपरमधला चौकोनी छेदाचा सील लिव्हर दाबल्यावर पिस्टनबरोबर किंचित पिळला जातो आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतो. पॅड आणि डिस्कमधली ती केसभर फट या पिळातूनच येते. सील फुगला की पिस्टनला गच्च आवळून बसतो आणि मागे ओढायचं काम थांबतं. वर मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन मोकळा असताना एक बारीक छिद्र उघडं राहतं, त्यातून लाइन आणि रिझर्व्हायर जोडलेले असतात. फुगलेला सील पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही किंवा त्या छिद्रावरच बसून राहतो. मग तापलेलं ऑइल परत जाणार कुठून? दाब साचतो, पॅड आणखी धरतात, त्यातून आणखी उष्णता. पहिले एक-दोन दिवस ब्रेक चांगला लागला याचंही कारण हेच: रबर फुगायला वेळ लागतो.

काय वाचवायचं, काय टाकायचं

चुकीचं द्रव भरल्या भरल्या कळलं आणि लिव्हर फारशी दाबलेली नसेल, तर ताबडतोब सगळं काढून ताज्या मिनरल ऑइलने वारंवार धुऊन ब्रेक वाचण्याची थोडी शक्यता असते. इथे दोन आठवडे होऊन गेले होते. फुगलेलं रबर धुण्याने मूळ मापावर येत नाही, आणि या प्रकारच्या कॅलिपरचे किंवा लिव्हरचे सील शिमानो सुटे विकत नाही. कुठून तरी मापाचे रबर शोधून बसवण्याची धडपड ब्रेकच्या बाबतीत करू नये. लिव्हर, होज आणि कॅलिपर, तिन्ही बाद केले. पॅड तसेही संपले होते. शिवाय ऑइल पिऊन बसलेला रेझिन पॅड सँडपेपरने घासला, गॅसवर तापवला, काहीही केलं तरी पहिल्या उतारावर पुन्हा तेल सोडतो.

रोटर मात्र ठेवला. मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजली. नवा रोटर 1.8 मिमी असतो, 1.5 वर बदलायचा. हा सगळीकडे 1.6 च्या वर भरला. त्यावर निळसर छटा आली होती. ती तापल्याची खूण आहे, तेवढ्यावरून रोटर फेकायची गरज नाही. व्हर्नियरने मोजणार असाल तर लक्षात ठेवा, रोटर मधल्या पट्ट्यात झिजतो आणि कडेला जाड राहतो. कडेवर जबडा बसला की माप खोटं येतं.

साफ करताना क्रम महत्त्वाचा. डॉट पाण्यात विरघळतं, म्हणून आधी भांड्याचा साबण आणि भरपूर पाणी. मिनरल ऑइलचा अंश पाण्याने जात नाही, म्हणून रोटर वाळल्यावर 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ पांढरं कापड. कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. चेनस्टेवर, कॅलिपरखाली जिथे जिथे डॉट सांडलं होतं तिथेही पाणी मारलं. डॉट रंग खातं, आणि तेही हळूहळू, त्यामुळे लक्षात येईपर्यंत फुगवटा आलेला असतो.

एक तपासणी लोक हमखास विसरतात: पुढचा ब्रेक. गॅरेजमध्ये एकाला टॉप-अप केलं तर दुसऱ्यालाही केलं नसेल कशावरून? पुढच्या लिव्हरमधून सिरिंजने थोडं ऑइल काढून तीच पाण्याची परीक्षा घेतली. सगळं तरंगलं. पुढचा ब्रेक वाचला.

सुटे भाग घेताना फसण्याच्या जागा

लिव्हर, होज आणि कॅलिपर वेगवेगळे घेऊन भरत बसण्यापेक्षा ऑइल भरून जोडलेला तयार सेट घेणं इथे शहाणपणाचं. पण ऑनलाइन सेट मागवताना बाजू बघा. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा डाव्या हाताला असतो. अमेरिका आणि युरोपच्या बऱ्याच भागात उलट. तिकडच्या बाजारासाठी बांधलेल्या सेटमध्ये मागच्या लांब होजला उजवी लिव्हर जोडलेली येते. तो बसवला तर घाटात वर्षानुवर्षांची सवय उलटी पडेल. बदलून घ्यायचा तर होज सोडून नव्याने जोडणं आणि ब्लीड करणं आलं. या केसमध्ये हवा होता तो डावी लिव्हर, 1700 मिमी होज आणि पोस्ट माउंट (फ्रेमवर थेट दोन बोल्टांनी बसणारा) कॅलिपर असा सेट.

पॅडचंही एक आहे. या वर्गातल्या स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर रोटर झपाट्याने खाल्ला जातो, कारण त्याचं पोलाद तेवढं कडक नसतं. घाटासाठी ‘मेटल जास्त टिकतात’ म्हणून दुकानात गळ्यात मारले जातात. मेटल हवेच असतील तर रोटरही त्याला चालणारा घ्यावा लागतो. इथे रेझिनच घेतले. सेटबरोबर पॅडची जोडी येते, जास्तीची एक जोडी बी05एस आकाराची. जुन्या बी01एसच्या जागी तीच बसते.

शिवाय बीएच59 होजचं नवं ऑलिव्ह (जोड सील करणारी दबणारी रिंग) आणि इन्सर्ट (होजच्या टोकात ठोकायची बारीक नळी), शिमानोचं मिनरल ऑइल 100 मिली, लिव्हरवर बसणारी फनेल आणि स्टॉपर. बीएच90 होजचं इन्सर्ट वेगळ्या मापाचं असतं, होजवर छापलेला नंबर वाचूनच घ्या.

बसवताना

आधी नवा कॅलिपर चेनस्टेवर दोन्ही बोल्टांनी सैल लावला, होज फ्रेमच्या क्लिपांतून नेला आणि लिव्हर हँडलवर. लिव्हरचा क्लॅम्प फार आवळू नये. सायकल पडल्यावर लिव्हर फिरली पाहिजे, मोडता कामा नये. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होजची लांबी ठरवली. होज कुठेही ताणली जाऊ नये, आणि मागच्या टायरकडे किंवा क्रँककडे फुगवटा येऊ नये. या फ्रेमला होज बरीच लांब पडत होती, लिव्हरकडून कापावी लागली.

कापण्याआधी सायकल अशी धरली की लिव्हरचं टोक होजच्या सगळ्यात वर राहील. 8 मिमी पान्याने कनेक्टिंग बोल्ट सोडला, होज बाहेर काढून खूण केलेल्या जागी होज कटरने काटकोनात कापली. ब्लेडने कापलेलं टोक बहुतेक वेळा तिरकं येतं आणि तिथूनच पुढे पाझर लागतो. कापलेल्या टोकावर आधी रबरी कव्हर, मग बोल्ट, मग नवं ऑलिव्ह. शेवटी होज दोन ठोकळ्यांत धरून इन्सर्ट हलक्या हातोडीने पूर्ण आत ठोकलं. क्रम चुकला तर इन्सर्ट बसल्यावर बोल्ट घालता येत नाही आणि पुन्हा कापावं लागतं. जुनं ऑलिव्ह एकदा दबलं की दुसऱ्यांदा सील करत नाही. होज लिव्हरमध्ये तळाला टेकेपर्यंत दाबून धरत बोल्ट 5 ते 7 न्यूटन-मीटरला आवळला. आवळताना हात सुटला आणि होज दोन मिलिमीटर मागे आली, तर बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या जोरदार ब्रेकला होज निसटते.

आता एअर. होज कापताना थोडी हवा गेलेलीच असते. चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये पिवळा ब्लीड ब्लॉक घातला. पॅड तिथेच ठेवून ब्लीड करणारे पुष्कळ आहेत, आणि नंतर ब्रेक का किंचाळतो म्हणून विचारणारेही तेच. लिव्हर जमिनीला समांतर केली, ब्लीड स्क्रू काढून फनेल लावली आणि तिच्यात बोटभर ऑइल घेतलं. लिव्हर सावकाश दाबत-सोडत, मध्येच होजवर पान्याच्या मुठीने टिचक्या मारत बुडबुडे वर आणले. सायकल पुढे-मागे तीसेक अंश कलवून पुन्हा तेच. बुडबुडे थांबल्यावर लिव्हर ठाम झाली. स्टॉपर लावून फनेल काढली आणि ब्लीड स्क्रू लावताना कडेने थोडं ऑइल ओघळू दिलं, म्हणजे वर हवा अडकत नाही.

लिव्हर तरीही स्पंजी लागली असती तर पूर्ण ब्लीड करावं लागलं असतं. त्यात कॅलिपरच्या निपलला (ब्लीडसाठीच्या तोंडाला) ऑइलने भरलेली सिरिंज लावून निपल एक-अष्टमांश फेरी उघडायचा आणि ऑइल हळूहळू वर ढकलायचं. घाई केली की हवा बारीक बुडबुडे होऊन ऑइलमध्ये मिसळते आणि दिसेनाशी होते. फनेलमध्ये बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद. मग सिरिंज काढून नळी बाटलीत सोडायची, लिव्हर दाबून धरायची, निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडून बंद करायचा, दोन-तीन वेळा. शेवटी निपल 4 ते 6 न्यूटन-मीटर.

ब्लॉक काढून कॅलिपर अल्कोहोलने पुसला, हात धुतले आणि मगच पॅड हाताळले. पॅडची पिन लावून ती पक्की केली. चाक बसवलं, लिव्हर दाबून धरली आणि कॅलिपरचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे करत 6 ते 8 न्यूटन-मीटरला आवळले. एक बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर जागेवरून फिरतो. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून डिस्कच्या दोन्ही बाजूंची फट पाहिली. डिस्कला एका जागी किंचित आउट होता, तो रोटर फोर्कने काढला, एका वेळी अगदी थोडाच वाकवत. रोटरचे टी25 बोल्ट 2 ते 4 न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या जोड्यांत तपासले.

रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

लिव्हर पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरली आणि लिव्हरचा जोड, कॅलिपरचा जोड आणि निपल यांच्याभोवती टिश्यू पेपर फिरवला. गुलाबी ठिपका दिसला नाही. मग लिव्हर वेल्क्रो पट्ट्याने ग्रिपला बांधून रात्रभर ठेवली. सकाळी ती ग्रिपकडे आणखी सरकली नव्हती. बारीक गळती असेल तर इथेच कळते.

नवे पॅड पहिल्या दिवशी ब्रेक मारत नाहीत, आणि तसंच घाटात नेलं तर चकाकी धरून कायमचे बिघडतात. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी 20-25 किमीचा वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत येईतो एकसारखा दाब द्यायचा, चाक लॉक न करता, पूर्ण न थांबता. असं वीसेक वेळा, मग थोडा वेग वाढवून आणखी दहाएक. दर दोन-तीन ब्रेकनंतर चकरा मारून डिस्क गार होऊ द्यायची. डिस्कवर करडा, एकसारखा थर दिसायला लागला की काम झालं. या सायकलवर पहिल्या काही ब्रेकांत चिरचिर आवाज आला आणि मग आपोआप थांबला. थांबला नसता तर पॅडला कुठून तरी तेल लागलंय असं समजून नवी जोडी घालावी लागली असती.

सिंहगडाच्या उतारावर चाचणी घेताना अर्ध्या वाटेवर थांबून लिव्हरचा खेळ बघितला. गरम झाल्यावरही तो बदलला नव्हता आणि चाक मोकळं फिरत होतं. पहिल्या 100 किमीनंतर कॅलिपर आणि रोटरचे बोल्ट पुन्हा तपासले, कॅलिपरचा एक थोडा सैल झाला होता. पंक्चरसाठी सायकल उलटी करायची वेळ आली तर लिव्हर दाबायची नाही. सरळ केल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच ठेवून, लिव्हर काही वेळा हलकी पंप करून मगच निघायचं. चाक काढलं की कॅलिपरमध्ये प्लास्टिकचा स्पेसर किंवा घडी घातलेला जाड पुठ्ठा घालायचा, नाहीतर चुकून लिव्हर दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात.

काढलेलं भेसळीचं ऑइल वेगळ्या बाटलीत भरून वर ठळक ‘टाकाऊ’ लिहिलं आणि वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिलं. ज्या सिरिंजने ते काढलं ती फेकली. तीच सिरिंज धुऊन पुढच्या ब्रेकच्या मिनरल ऑइलसाठी वापरली, तर राहिलेल्या डॉटच्या थेंबांनी पुढचे सील फुगायला सुरुवात होते.